प्रेक्षकाचा हात

"बबे, आवाज कशाचा गं? बाळ तर हितं माझ्यापाशी हाय."

आईचा हा आवाज एकोणीस वर्षांपूर्वीचा. अंगणात कोवळ्या उन्हात ती आठ दिवसांच्या बाळाला पायांवर घेऊन तेल लावत बसली होती, आणि आत, अंधाऱ्या घरात, सात वर्षांची बबिता पाळण्यापाशी उभी होती. आजानं बांबूच्या कामट्या विणून केलेला पाळणा आढ्याला टांगलेला. त्याचा दोर करकरत होता. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं, हे वाडीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. बबितालाही ठाऊक होतं. पण बाळ आल्यापासून तिला कुणी कुशीत घेतलं नव्हतं, आणि हा पाळणा मात्र नुसत्या बोटानं जवळ येत होता, लांब जात होता, पुन्हा जवळ येत होता.

तिनं घाईघाईनं दोर घट्ट धरला.

"काय न्हाई, आई. वारा हाय."

दुसऱ्या दिवशी बाळानं दूध सोडलं. अकराव्या दिवशी ते गेलं. बारशासाठी आईनं धुऊन भिंतीशी उभा करून ठेवलेला वरवंटा तसाच उभा राहिला. नाव ठेवायचं राहूनच गेलं. ते आठ-दहा दिवस आई पाळण्याशी बसून म्हणायची,

आढ्याला बांधिला दोर, दोराला टांगिली रात,
बाळाच्या उशाखाली माझा उजवा हात.

त्यानंतर आईच्या तोंडून ओवी म्हणून कधी आली नाही. दळताना नाही, लावणीत नाही, बबिताच्या हळदीला बायकांनी आग्रह केला तेव्हाही नाही.

बबिता बारावी सायन्स झाली. त्या वयाच्या बाळांना कावीळ होते, जंतुसंसर्ग होतो, आणि वाडीवरून दवाखाना तेव्हा चार तासांच्या पायवाटेवर होता, हे सगळं तिला आता कळतं. कळतं ते डोक्याला. करकर कुठं ऐकू आली की पाठीतून जी थंड शिरशिरी उतरते, तिला बारावी-बिरावी काही कळत नाही.

आज गुरुवार होता, कंपनीचा सुट्टीचा दिवस. कान्हे स्टेशनावर सकाळची लोणावळा लोकल थांबली आणि दारातूनच प्रेरणाची हाक आली, "बबे, हिकडं! खिडकी धरलीया तुझ्यासाठी!"

प्रेरणा आणि अपेक्षा घोरावाडीला चढल्या होत्या. तिघी एकाच कंपनीत, गाड्यांच्या वायरी जोडायच्या एकाच लाईनवर. प्रेरणा नवलाख उंब्र्याची, घरी भातशेती, तोंडानं फटाकडी. अपेक्षा तळेगावात वाढलेली, बोलायची कमी आणि बघायची जास्त. बबिता त्या दोघींनी जोडलेलं काम तपासायची.

"आली बघ आपली कलाकार," प्रेरणा सरकून बसत म्हणाली. "मागच्या बारीला तोंड पांढरं पडलं हुतं, म्हणली पुन्हा येणार न्हाई. आन आता हीच म्हणतीया, चला पुन्हा म्युझियमला! काय गं, त्या गंजक्या बैलावर जीव जडला का?"

"फोटो काढायचे राहिले," बबिता म्हणाली.

"पिशवी जड दिसतेय," अपेक्षा म्हणाली.

"डबा हाय."

पिशवीत डबा नव्हता. सासूच्या घरातला वरवंटा होता. मिक्सर आल्यापासून पाट्यासकट मोरीच्या कोपऱ्यात पडलेला, काळाभोर, मधे हाताच्या घासानं खोलगट झालेला. पहाटे उचलताना तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं होतं: वजन उचलायचं नाही. तरी उचलला. गाडीनं कामशेत सोडलं, कापणी झालेली खाचरं खिडकीतून मागं पडू लागली, आणि ती दोन्ही हातांनी पिशवी मांडीवर धरून बसली.

तीन गुरुवारांमागं त्या पहिल्यांदा गेल्या होत्या. प्रेरणाचा चुलतभाऊ पप्पू संग्रहालयाच्या कॅन्टीनला लागला होता. "या की, एसी हाय, फोटो झकास येत्यात," म्हणाला. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत कुण्या मोठ्या माणसानं बांधलेली ती पांढरीशुभ्र इमारत. आत पत्र्याचे तुकडे जोडून केलेला बैल, काचांची खोली, आणि एक भिंतभर नुसता निळा रंग. त्या निळ्यापुढं प्रेरणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. "आमच्या आबांनी गोठा असाच रंगवलाय. त्यांच्याकडं कुनी बघाया न्हाई आलं!"

हसत हसतच तिघी वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत गेल्या होत्या.

खोलीत दुसरं काही नव्हतं. उंच छतापासून दोन लांब दोर, आणि त्यांना टांगलेला जुना लाकडी पाळणा. कोपऱ्यांवर लाल-हिरव्या लाकडी चिमण्या, आत पांढरी दुपटी अंथरलेली. भिंतीवर पाटी होती. "रिकामेपण. लाकूड, सुती दोर, प्रेक्षकाचा हात." आणि खाली बारीक अक्षरांत, "कृपया झोका द्या."

"दे की गं बबे, अपेक्षा व्हिडिओ घेतीय," प्रेरणा म्हणाली होती.

"नगं."

"का गं? तुमच्या वाडीवरची भुतं येत्यात का?"

प्रेरणा चेष्टेनं बोलली होती, मनात काही नव्हतं. पण 'वाडी' हा शब्द बबिताला बरोबर लागला. चार वर्षं ती कंपनीत गणवेशासारखी धुतलेली भाषा घालून वावरत होती. ठाकरवाडीची पोरगी भित्री, देवभोळी, असं कुणी म्हणू नये म्हणून जपत होती. तिनं हात पुढं केला आणि झोका दिला.

पाळणा लांब गेला. छताशी दोर करकरला. रिकाम्या खोलीत ती करकर चारही भिंतींना लागून मोठी झाली, आणि त्या आवाजातून आईनं विचारलं, आवाज कशाचा गं?

तेव्हा बबिताला दिवस गेलेले होते. सातवा आठवडा. एकट्या दत्ताला, तिच्या नवऱ्याला, ठाऊक होतं. तिसरा महिना सरेस्तोवर बाहेर बोलायचं नाही, ही रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कपड्यावर लाल डाग पडला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "ठोके आहेत. पण जपायला हवं. जिने चढू नका, ओझं उचलू नका. तीन आठवड्यांनी शुक्रवारी या, सोनोग्राफी करू."

तो शुक्रवार उद्या होता. पाळण्याचं तिनं दत्तालाही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? रोज कूस बदलताना तिला तो पाळणा दिसायचा, तिच्या हातानं हललेला, अजून हलत असलेला. आणि मग एके सकाळी भाकरी थापताना तिला सुचलं. बारशाला बाळाआधी वरवंट्याला टोपडं घालतात, पाळण्याखालून-वरून फिरवतात, पाळण्यात निजवतात. पाळणा रिकामा राहिला म्हणून चूक झाली. तर तो भरायचा. उद्याच्या आत भरायचा.

लोणावळ्यात उतरून त्यांनी रिक्षा केली. कॅन्टीन फाटकाच्या अलीकडं होतं. पप्पूनं चहा दिला. "मी आले," म्हणून बबिता पिशवी घेऊन मोरीकडं गेली. संग्रहालयाच्या दारावर पाटी होती: पिशव्या काऊंटरवर जमा कराव्यात. हे तिला मागच्या वेळेचं आठवत होतं, म्हणून तिनं ओढणी आणली होती. वरवंटा पोटाशी धरून तिनं ओढणीचे दोन वेढे घेतले, गाठ मारली, वरून कंपनीचं सैल जॅकेट चढवलं. दगडाचा गारवा कापडातून थेट बेंबीपर्यंत गेला. तिला वाटलं, आतल्याला थंडी वाजत असेल. मग वाटलं, आपण काय करतोय हे? मग तिनं दार उघडलं.

फाटकावरच्या शिपायाच्या हातात तो वाजणारा दांडका होता. छातीवर नाव, भिकाजी. प्रेरणाच्या कड्यांवर दांडका वाजला, अपेक्षाच्या किल्ल्यांवर वाजला. दांडका तिच्या खांद्यावरून खाली आला, पोटापाशी आला. वाजला नाही. दगडाला काय वाजणार? पण भिकाजीची नजर तिथंच थांबली. त्यानं दांडका खाली घेतला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला,

"ताई, तुमी जिना नगा चढू. अशा टायमाला बरं नसतं. त्या अंगाला लिफ्ट हाय."

प्रेरणा फिसकन हसली. "अवो दादा, काय बोलताय! स्टेशनावर दोन वडापाव हाणल्यात तिनं, त्येचं पोट हाय त्ये!"

भिकाजी ओशाळला. बबिता हसली, पण थोडी उशिरा. अपेक्षा हसलीच नाही. ती बबिताकडं बघत राहिली.

लिफ्टचं दार मिटलं आणि बबितानं जॅकेट पोटावर ओढून घेतलं. अजून कुणाला सांगायचं नव्हतं ते त्या परक्या माणसानं भर फाटकात बोलून टाकलं होतं. नजर लागली तर? आणि खोटंच की ते. त्यानं पाहिला तो दगड होता.

वर आल्यावर ती म्हणाली, "तुमी काचंच्या खोलीत जा. मी आले दहा मिंटात."

"एकटी कुटं चाललीस?"

"बसते जरा."

"वडापाव!" प्रेरणानं डोळा मारला आणि अपेक्षाला ओढत घेऊन गेली.

त्या खोलीच्या दारात बबिता थबकली. आत कुणी नव्हतं, आणि पाळणा हलत होता.

नुकतंच कुणीतरी झोका देऊन गेलं असणार. असणारच. पण लांबलचक पांढऱ्या खोलीत तो आपला आपण येत-जात होता, आणि छताशी दोर करकरत होता. ती भिंतीला धरून आत सरकली. थांबेल, म्हणून उभी राहिली. इतके लांब दोर. झोका काही उतरेना. थांबवायचा तर हात लावावा लागणार, आणि मागच्या वेळी हातानंच घात केला होता. तिनं जॅकेटच्या आत हात घालून ओढणीची गाठ शोधली. घामानं गाठ ओली झालेली, घट्ट बसलेली. नखं लावली. निघेना. करकर, करकर. पोटात खाली कुठंतरी एक कळ आल्यासारखं वाटलं. खरी की मनातली, ते कळेना. डोळ्यांपुढं तो लाल डाग आला. तिनं दातांनी ओठ धरला, गाठ हिसकली, आणि दगड ओढणीतून घसरून तिच्या हातात आला.

"काय काढलंस गं ते?"

बबिताच्या हातून वरवंटा पडता पडता राहिला.

दाराआडच्या स्टुलावर एक बाई बसलेली होती. करड्या रंगाची गणवेशाची साडी, पायात काळी चप्पल, हनुवटीवर हिरवं गोंदण. ती उठली आणि चालत जवळ आली. तिच्या छातीवर लिहिलं होतं, सावित्राबाई.

"मावशी, मी काय चोरत न्हाई. मी ठिवायला आले."

सावित्राबाईनं दगडाकडं पाहिलं. मग बबिताच्या पोटाकडं, आता सपाट दिसणाऱ्या. मग तोंडाकडं.

"कितवा?"

"तिसरा लागलाय," बबिता म्हणाली, आणि तिला हुंदका आला. "मी हितं झोका दिला हुता मावशी. रिकाम्याला. दुसऱ्या दिशी अंगावर गेलं. उद्या सोनोग्राफी हाय."

"आण तो दगड हिकडं. तू उचलू नगं." सावित्राबाईनं तो काखेत मारला, दुसऱ्या हाताच्या पाठीनं पाळणा थोपवला, गाईला थोपवावं तसा. करकर थांबली. मग तिनं आतली दुपटी उचलून दाखवली. खाली लाल खणाच्या चिंधीत गुंडाळलेला मुठीएवढा गोटा होता.

"मलाबी न्हाई बघवत," ती म्हणाली. "लोकं येत्यात, झोकं देत्यात, फोटू काढत्यात. शिकलेली. त्येंना काय सांगू? म्हणून सकाळी कुलूप काढलं की पयलं ह्ये करते. मग पंखं, मग लाइटी. सायेब लोकांना ठावं न्हाई."

बबिता वाकून त्या गोट्याकडं बघू लागली. "म्हणजे तवाबी आत गोटा हुता! रिकामा नव्हताच!"

"कवा आलतीस?"

"तीन गुरुवारांमागं."

सावित्राबाईनं अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. खोटं सांगणं तिला अवघड नव्हतं. समोरची पोर तोंडाकडं डोळे लावून उभी होती, एका शब्दानं सुटली असती.

"न्हाई लेकी. त्या गुरुवारी मी नव्हते. पुतणीची हळद व्हती."

खोली पुन्हा तेवढीच मोठी आणि पांढरी झाली. बबितानं पोटावर हात ठेवला. "मग आता?"

"आता काय, आणलायस तर निजवू. ये, त्या अंगाला उभी ऱ्हा."

सावित्राबाईनं वरवंटा पुन्हा त्या ओढणीत गुंडाळला आणि पाळण्याखालून पुढं केला. "गोविंद घ्या," ती हळू आवाजात म्हणाली. बबितानं नुसती बोटं लावली, वजन बाईनंच पेललं. "गोपाळ घ्या," बबिता म्हणाली. खालून एकदा, वरून एकदा. गावात पंधरा बायकांच्या गलक्यात होणारं ते काम त्या दोघींनी एसीच्या घरघरीत उरकलं. दगड दुपट्यांवर आडवा झाला. पाळणा जरा खाली दबला.

"आता नाव," सावित्राबाई म्हणाली. "काय ठिवायचं?"

बबितानं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून आलं, "त्येचं नाव राहिलं."

"कुणाचं?"

"भावाचं. अकरा दिसाचा हुता. मी..." ती दोराकडं बघत राहिली. "तो पाळणाबी मीच हालवला हुता. आईनं इचारलं, तर वारा हाय म्हणाले."

सावित्राबाई पाळण्याच्या कडेवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "मंजी तुला भ्या ह्या पाळण्याचं न्हाई."

"न्हाई."

"आई हाय?"

"हाय. वाडीवर."

"मला सांगून काय उपेग मग?"

तेवढ्यात दारात प्रेरणाचा आवाज आला. "आगं हितं काय बारसं चाललंय का..." आणि तो तिथंच तुटला. तिनं पाळण्यातली ओढणी ओळखली. ओढणीतून बाहेर आलेलं दगडाचं काळं टोक पाहिलं.

"तो शिपाई बरोबर बोलला होता ना?" अपेक्षानं हळूच विचारलं.

बबितानं होकाराची मान हलवली.

प्रेरणा आली आणि सरळ जमिनीवर बसली. तिचं तोंड उतरलं होतं. "आन मीच तुला म्हणले, दे झोका. बबे, घरी मी कधी हात लावत न्हाई गं रिकाम्या पाळण्याला. आई हात मोडंल. हितं वाटलं, म्युझियममधला पाळणा खरा कुठं असतोय... तू बोलली का न्हाईस? एक शिवी घालायचीस मला!"

"वाडीवरची म्हणाली असतीस."

"म्हणले असते," प्रेरणा म्हणाली आणि रडू लागली. "भवाने, तरीबी सांगायचं."

"फोन दे," बबिता अपेक्षाला म्हणाली. "माझा पिशवीत राहिला."

आईचा नंबर तिला पाठ होता. दर रविवारी ती बोलायची; भात किती झालं, शेळी व्याली का, बापाचा गुडघा कसा हाय. दिवस गेल्याचं मात्र अजून बोलली नव्हती. रीत म्हणून थांबलेय, असं स्वतःला समजावायची. खरं तर आईच्या तोंडून 'पाळणा' हा शब्द ऐकायची तिला छाती नव्हती. रिंग जात होती. अपेक्षानं तिचं मनगट धरलं. दुसरा हात टेकायला बबितानं नकळत पाळण्याची कड धरली, आणि दगडानं जड झालेला पाळणा सावकाश हलला.

"कोन?" आई मोठ्यानं म्हणाली. मागं शेरडं ओरडत होती.

"आई, मी."

"बबे? कुनाचा गं ह्यो नंबर? बरी हायेस न्हवं?"

छताशी दोर करकरला. एकदा लांब जाताना, एकदा जवळ येताना. सावित्राबाई स्टुलावर जाऊन बसली होती आणि दाराबाहेर बघत होती, कुणी आलं तर अडवायला. पलीकडं शेरडांचा आवाज थोडा लांब गेला. आई घरात गेली असावी, नीट ऐकू यावं म्हणून. त्याच घरात, त्याच आढ्याखाली.

मग आईनं विचारलं, अगदी हळू,

"बबे, आवाज कशाचा गं?"

तो जुना शब्द बबिताच्या जिभेवर तयारच होता. एकोणीस वर्षं तिथंच बसून होता. वारा हाय, आई. डोंगरावर आलेय, वारा हाय. तिनं पाळण्यात पाहिलं. ओढणीतला दगड हलत होता, जात होता, येत होता. पोटात पुन्हा ती बारीक कळ आली आणि गेली.

"पाळण्याचा हाय, आई," ती म्हणाली. "आन त्या दिशीबी वारा नव्हता. मीच हालवत हुते."